लाभ, दोन, तीन

श्रियाला शंभरापर्यंत आकडे येतात, हे साळसकरांच्या घरात सगळ्यांना मान्य होतं. त्या आकड्यांचा जगातल्या कुठल्याही वस्तूशी काही संबंध असतो, हे मात्र श्रियाला मान्य नव्हतं. तिच्यापुढे सात चमचे ठेवले की ती बोट एका चालीने फिरवायची आणि तोंड दुसऱ्या. त्यामुळे चमचे कधी अकरा व्हायचे, कधी पाच. एकदा तर ती चमच्यांवरून घसरून थेट आजीच्या, म्हणजे जयाबाईंच्या, बांगड्यांवर गेली आणि सत्तावीसला थांबली. तिथेही ती दमली म्हणून थांबली, बांगड्या संपल्या म्हणून नव्हे.

एरवी कौतुकाचाच विषय होता हा. पण श्रियाला पहिलीत जायचं होतं, आणि मानपाडा रोडवरच्या ज्या शाळेत डोंबिवली पूर्वेतली निम्मी मुलं जाऊ इच्छितात, त्या शाळेने तिला 'संवादा'साठी बोलावलं होतं. एवढ्याशा मुलांची मुलाखत घ्यायची नसते, म्हणून शाळा मुलाखत घेत नाही; संवाद करते. संवादात मुलाला प्रश्न विचारतात, उत्तरांना मार्क देतात आणि काहींना घेत नाहीत.

"बाबा, तिथे पाठांतर चालत नाही हं," सूनबाई कृतिका म्हणाली. "सगळं हॅण्ड्स-ऑन असतं. ठोकळे, मणी, काड्या. मुलांनी हाताने गणित करायचं. ऑनलाइन सेट मिळतो, मागवू का?"

दौलत साळसकर बी.एस्सी. होते, तेही गणितात. पुढे तीस-बत्तीस वर्षं त्यांनी विमा कंपनीत लोकांच्या मरणाची सरासरी काढली होती. अशा माणसाच्या नातीला गणित शिकवायला खोक्यातून ठोकळे मागवायचे, ही गोष्ट त्यांना लागली. ते म्हणाले, "घरात मी असताना सेट कशाला? मी करतो सगळं. घरच्या घरी."

'घरच्या घरी' हे शब्द ऐकून जयाबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. साळसकरांनी घरच्या घरी गिझर दुरुस्त केला होता, त्यानंतर खालच्या मजल्यावरचे लोक अजून जिन्यात मान फिरवत होते.

पहिलं साधन ठरलं बाटल्यांची बुचं. ती गोल असतात, एकसारखी असतात, पोरांच्या मुठीत मावतात आणि फुकट मिळतात. फक्त भरपूर बुचं एका ठिकाणी कुठे मिळतात, याचा साळसकरांनी शास्त्रीय विचार केला आणि सकाळी दूध आणायला जाताना ते नाक्यावरच्या परमिट रूमच्या बंद शटरपाशी उभे राहिले. आतला झाडणारा माणूस सज्जन होता. नातीला गणित शिकवायचंय, हे कारण त्याने मान हलवत ऐकून घेतलं. माणसं त्या दारात याहून विचित्र कारणं सांगत असावीत. त्याने पिशवीभर बुचं दिली आणि वर, "टेन्शन नका घेऊ, काका," असंही म्हणाला.

एका हातात दूध आणि दुसऱ्या हातात खुळखुळणारी पिशवी घेऊन परमिट रूममधून बाहेर पडणारे साळसकर कोणी पाहिले, ते कधीच कळलं नाही. पण संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन काळुराम मढवी स्वतः चौकशीला आले.

सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे, ती जमीन मढवींची. भाताचं खाचर होतं ते. बिल्डरला दिली, बदल्यात सहा फ्लॅट घेतले आणि चेअरमनपद आपोआप आलं. काळुराम सोफ्यावर बसले, पाणी प्याले आणि जयाबाई आत गेल्याचं बघून हळूच म्हणाले, "काका, काय प्रॉब्लेम आहे का? म्हणजे घरात? रिटायर झाल्यावर होतं असं. माझ्या मामांचं पण झालेलं."

"कसलं झालेलं?"

"लाजू नका हो. पण सकाळी सकाळी नको ना. आणि नाक्यावर तर नकोच. मला सांगायचं, आपलं फार्महाऊस आहे ना आंबिवलीला."

साळसकरांनी पिशवी आणून टीपॉयवर रिकामी केली. काळुरामांनी बुचांचा ढीग बघितला आणि त्यांची काळजी दुप्पट झाली. "एवढी?" ते म्हणाले.

बुचं धुतली, उकळली, उन्हात घातली, तरी बिअरचा वास गेला नाही. श्रिया एक बूच नाकाशी धरून म्हणाली, "आबा, याला काळुकाकांकडच्या लग्नातल्या गाडीचा वास येतो." बुचं बाद झाली.

मग आल्या काड्या. दहा काड्यांना रबर लावायचं, तो झाला गठ्ठा, म्हणजे दशक. उरतील त्या सुट्या. ही कल्पना उत्तमच होती. काड्या हव्यात म्हणून घरात कुल्फ्या आल्या. आठवडाभर जेवणानंतर सगळ्यांनी कर्तव्य म्हणून कुल्फी खाल्ली. मुलगा नयन खोकत ठाण्याला ऑफिसला जाऊ लागला आणि श्रियाचा घसा बसला. त्यानंतर जयाबाई म्हणाल्या, "अहो, तशा कोऱ्या काड्या स्टेशनरीच्या दुकानात पाकिटात मिळतात."

"हे तू आत्ता सांगतेस?"

"मला वाटलं तुम्हाला कुल्फी आवडते."

काड्या तयार झाल्या. साळसकरांनी श्रियासमोर दोन गठ्ठे आणि तीन मोकळ्या काड्या मांडल्या आणि ज्या आवाजात ते एकेकाळी शाखाधिकाऱ्यांना टिपण समजावत, त्या आवाजात विचारलं, "हे दोन दशक. आता सांग, सुटे किती?"

श्रियाने रिक्षावाल्यासारखी मान उडवली. "सुटे नाहीत. जीपे करा."

"अगं, पैसे नाहीत हे. काड्या आहेत. सुट्या किती?"

"सुट्ट्या दिवाळीत," श्रिया म्हणाली.

एकटं मूल शिकत नाही, चार जणांत शिकतं, असं साळसकरांनी कुठेतरी वाचलं होतं. शेजारची तीनचार मुलं गोळा झाली, हॉलमध्ये काड्या पसरल्या, एक काडी मिक्सरमध्ये गेली आणि जयाबाईंनी साळसकरांना त्यांच्या गणितासह घराबाहेर काढलं. आता सोसायटीचं क्लब हाऊस तेवढं शिल्लक होतं.

क्लब हाऊससाठी अर्ज लागतो. अर्जावर कार्यक्रमाचा प्रकार लिहावा लागतो आणि प्रकार तीनच आहेत: धार्मिक, सांस्कृतिक आणि वाढदिवस. गणित यांपैकी कशात बसतं, यावर कमिटीची बैठक भरली. एक सदस्य म्हणाले, शिकवणी हा धंदा आहे, भाडं लावा. दुसऱ्यांनी, गठ्ठ्यांना लावलेली रबरं ड्रेनेजमध्ये गेली तर जबाबदार कोण, असा मुद्दा काढला. साळसकरांनी भास्कराचार्यांपासून सुरुवात करून गणित हीच आपली खरी संस्कृती कशी आहे, हे सांगितलं. भास्कराचार्य लीलावतीपाशी पोचायच्या आत काळुरामांनी हात वर केला. "काका, सांस्कृतिकमध्ये टाकू. पण एक रिक्वेस्ट आहे. दुपारची आमची आई एकटीच असते, टीव्ही बघून तिचं डोकं दुखतं. ती येऊन बसेल पोरांत. तेवढं चालवून घ्या."

ठराव एकमताने पास झाला. साळसकरांना त्यात धोका दिसला नाही. विमा कंपनीतल्या माणसाला सगळे धोके दिसतात, असा जो समज आहे तो खरा नाही.

गंगुबाई मढवी आल्या त्याच मुळी खुर्ची नाकारत. खाली फरशीवर मांडी घालून बसल्या आणि काड्यांकडे बघून म्हणाल्या, "अरं दौलत, ही काय भुताची जेवनं मांडलीस? पोरांना मोजाला शिकवाचंय ना? मग खायचं ठेव पुढं. काड्या कोन मोजतंय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून डबाभर वाल आणले. साळसकरांनाही ते पटलं. वाल निवडून, मोजून, त्यांनी बरोब्बर शंभराची पुरचुंडी केली आणि क्लब हाऊसच्या कपाटात ठेवली.

पुरचुंडी चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी कपाट रिकामं होतं, आणि दुपारी गंगुबाईंनी साळसकरांच्या हातात स्टीलचा डबा ठेवला. आत वालाचं बिरडं होतं, वरून ओलं खोबरं.

"मावशी, हे काय?"

"तुझं गनित. भोकं पडाला लागलेली त्याला. भिजवलं, मोड आनले, सोललं. गरम हाय तवर खा."

साळसकरांनी मान खाली घालून गणित खाल्लं. बिरडं अप्रतिम होतं, हे त्यांना जास्त लागलं.

यानंतर गंगुबाईंनी कारभारच हातात घेतला. घरचा पितळी शेर आणला, परातीत तांदूळ ओतले आणि पोरांना मापायला बसवलं. काड्यांना हात न लावणारी पोरं शेरावर तुटून पडली. शेर भरायचा, हाताने सपाट करायचा, दुसऱ्या परातीत ओतायचा आणि ओतताना आकडा म्हणायचा. एक शेर, एक आकडा. शेर पालथा होईपर्यंत पुढचा आकडा तोंडातून काढायचा नाही. काढला तर गंगुबाई मनगटावर टिचकी मारत. साळसकर कोपऱ्यात फरशीवर खडूने संख्यारेषा आखत होते आणि मागून पोरांचा एका सुरात आवाज येत होता: "लाभ... दोन... तीन... चार..."

त्यांच्या कानाला काहीच खटकलं नाही. देवगडला त्यांच्या घरीही भात मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लहानपणी शेकडो वेळा ऐकलेला सूर होता तो. त्या सुरात त्यांची संख्यारेषा शून्यापासून वीसपर्यंत छान सरळ आली. आणि मग त्यांनी मान वळवली, तर श्रियाचं बोट आणि श्रियाचं तोंड एकाच चालीने चाललं होतं.

साळसकरांनी चष्मा काढून पुसला. घरी आल्यावर तिच्यापुढे सात चमचे ठेवले. श्रियाने एकेक उचलला, एकेक ठेवला. सात. पुन्हा ठेवले. सात. जयाबाईंना बोलावून पुन्हा ठेवले. सातच.

वजाबाकीवर मात्र थोडी चकमक झाली. साळसकरांनी पाच शेंगदाणे ठेवले, श्रियाला खायला लावले आणि विचारलं, "आता किती राहिले?"

"काहीच ना..." श्रियाने सुरुवात केली आणि गंगुबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"नाय गो बाय. भरल्या घरात तसं बोलाचं नसतं. वाढले बोल."

"मावशी, याला शून्य म्हणतात," साळसकर म्हणाले. "शून्य हा भारताने जगाला दिलेला..."

"जगाला दिलंय ना? मग आपल्याकरं कशाला ठेवाचं? तुझ्या घरी कुकू सरला तर जया काय बोलते? शून्य झाला बोलते?"

साळसकरांनी विचार केला. जयाबाई 'कुंकू वाढलं' म्हणतात. तांदूळ संपले की 'तांदूळ वाढले' म्हणतात. बांगडी फुटली की ती वाढते, दुकान बंद झालं की ते वाढवतात आणि ते स्वतः बाहेर जाताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतात. क्लब हाऊसचा ठरावही या बाईंच्या मुलाच्या सहीचा होता. त्यांनी शून्याचा विषय तिथेच वाढवला.

संवादाचा दिवस आला. नयनला महिनाअखेर होती, म्हणून कृतिकाबरोबर साळसकर गेले. मुलांच्या उंचीच्या लाल खुर्चीत त्यांना बसवण्यात आलं, त्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीशी आले आणि बी.एस्सी.पणाला पहिला धक्का तिथेच बसला. मेघना मॅडम तरुण आणि गोड होत्या. त्यांच्यासमोर तो ऑनलाइनवाला सेट होता. कृतिकाने त्याच्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे पाहिलं.

"श्रिया, मराठीत सांगितलंस तरी चालेल हं," मॅडम म्हणाल्या आणि सात ठोकळे मांडले. "मोजून दाखव बरं."

श्रियाने पहिला ठोकळा उचलला. तिने तो नीट बाजूला ठेवला आणि मगच खणखणीत आवाजात म्हणाली, "लाभ."

मॅडमचं पेन थांबलं.

"दोन. तीन. चार. पाच. सहा. सात."

एकही ठोकळा निसटला नव्हता. साळसकरांना खुर्चीतून उठावंसं वाटलं, पण खुर्चीही बरोबर उठली, म्हणून ते परत बसले.

"पहिला कुठला होता, बेटा? परत सांग?"

"लाभ."

"अच्छा." मॅडमनी काहीतरी लिहिलं. "आणि हे सगळे मी काढून घेतले. आता किती?"

श्रियाने रिकाम्या टेबलाकडे बघितलं आणि हसून म्हणाली, "वाढले."

"वाढले?"

"सगळे वाढले."

"मॅडम, मी जरा सांगतो," साळसकर गुडघ्यांमधून म्हणाले. "त्याचं काय आहे, आपल्याकडे परंपरेने..."

"आजोबा, प्लीज. तिला बोलू दे. श्रिया, टेबलवर काही दिसतंय का? नाही ना? मग त्याला झीरो म्हणतात. म्हण झीरो."

"तसं बोलायचं नसतं," श्रियाने समजुतीच्या सुरात सांगितलं. "मग खरंच होतं."

मॅडमनी आणखी थोडं लिहिलं. मग गठ्ठ्यांचा प्रश्न झाला. त्यात जीपे आलंच. शेवटी मॅडम म्हणाल्या, "ओके श्रिया, छान. आता तू जाऊ शकतेस."

"जाते नाही म्हणायचं," श्रिया दारातून म्हणाली. "येते."

मॅडम म्हणाल्या, "बघू."

संध्याकाळी मेसेज आला. शाळा कुणालाही नापास करत नाही, 'प्रतीक्षेत' ठेवते. कृतिकाने रडणं आवरून भाकऱ्या केल्या, त्यातली एक करपली. नयन म्हणाला, "जाऊ दे बाबा, तुम्ही मनापासून केलंत." साळसकरांना याहून कठोर शब्द आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. कमिटीतल्या ज्या सदस्याला रबरांची काळजी होती, ते लिफ्टमध्ये भेटले आणि, "तरी मी म्हणत होतो," असं म्हणाले. ते असं काहीच म्हणत नव्हते.

काड्या, खडू, राहिलेले वाल, सगळं माळ्यावर गेलं. श्रिया मात्र मोजायचीच बंद झाली. जेवताना साळसकरांनी सहज विचारलं, "किती पुऱ्या खाल्ल्यास गं?" तर तिने हाताने ताट झाकलं. "तुम्ही मोजा, आबा. माझं चुकतं."

"तुझं बरोबर होतं," साळसकर म्हणाले.

"मग कुणाचं चुकलं?"

इतकी वर्षं मरणाची सरासरी काढलेल्या माणसाने आणखी एक पुरी तिच्या ताटात टाकली.

असेच काही दिवस गेले. एका सकाळी नयन-कृतिका ऑफिसला गेलेले, जयाबाई कुकर लावत होत्या आणि फोन वाजला. शाळेचा क्लार्क होता. मागे गलका होता, त्यामुळे तो ओरडून बोलत होता. "श्रिया साळसकरांचं घर ना? वेटिंगला होतात ना तुम्ही? पहिलीच्या जागा वाढल्यात."

शाळेतही शेवटी आपल्यातलंच कुणीतरी आहे, निदान शब्द तरी जपून वापरतं, असा एक हळवा विचार त्यांच्या मनात आला. "समजलं," ते म्हणाले. "कळवल्याबद्दल आभारी आहे." क्लार्क पुढे काहीतरी सांगत होता, पण साळसकरांनी फोन ठेवला.

"कुणाचा?" जयाबाईंनी विचारलं.

"शाळेचा. जागा वाढल्या."

जयाबाईंनी गॅस बारीक केला. "सगळ्या?"

"सगळ्या."

त्या येऊन शेजारी बसल्या. कृतिकाला आत्ता कळवायचं की संध्याकाळी, यावर दोघं हलक्या आवाजात बोलत होती, तेवढ्यात गंगुबाई बिरड्याचा रिकामा डबा मागायला आल्या. त्यांनाही सांगितलं. "वाढल्या? सगल्या?" म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला. तिघं तशी बसलेली असताना श्रिया रंगपेटी घेऊन बाहेर आली आणि तिने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही, बाळ. शाळेतल्या जागा वाढल्या."

श्रियाने जरा विचार केला. "खऱ्या वाढल्या, का वाढल्या-वाढल्या?"

कुकरची शिट्टी झाली. साळसकरांनी जयाबाईंकडे बघितलं, जयाबाईंनी गंगुबाईंकडे. मग साळसकरांनी फोन उचलला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. सातव्या-आठव्या वेळी लागला आणि एका पदवीधर माणसाने शाळेच्या कार्यालयाला विचारलं, "अहो, मघाशी तुम्ही म्हणालात त्या जागा... खऱ्या वाढल्यात का?"

"खोट्या वाढतात काय जागा?" क्लार्क भडकला. "नवीन तुकडी मिळाली. पूर्ण सांगू कुठे दिलंत? दुपारी एकपर्यंत या, आधी येईल त्याला आधी. झीरोवाली मुलगी ना तुमची? मॅडमनी शेरा मारलाय: 'एकास एक मोजते. शब्दांकडे लक्ष द्यावे.'"

'एकास एक' हे शब्द साळसकरांनी दोनदा मनात म्हणून पाहिले. मग चप्पल अडकवली, ती जयाबाईंची निघाली. ती बदलेपर्यंत गंगुबाई रिक्षा थांबवून श्रियाला घेऊन आत बसल्याही होत्या. "मना एकटीला टाकून कुठं?" त्या म्हणाल्या. रिक्षावाल्याने उतरताना सुटे मागितले. श्रियाने त्याला योग्य तो सल्ला दिला.

कार्यालयाच्या खिडकीशी अजून कुणी नव्हतं. क्लार्कने कागद घेतले, चष्मा नाकावर ओढला आणि मान खाली घालून लिहायला लागला. "नाव?"

"श्रिया."

"नवीन तुकडीत पहिलीच तुम्ही. हजेरी क्रमांक..."

"लाभ," श्रिया खिडकीच्या कठड्याला लोंबकळून म्हणाली.

क्लार्कचं पेन अजून नावाच्या रकान्यातच होतं; त्याने लिहिलं. "आडनाव?"

"साळसकर," साळसकर म्हणाले. पुढची दोन मिनिटं ते शाळेच्या कुंड्यांकडे बघत राहिले. शिक्का बसल्याचा आवाज आला, पावती हातात पडली आणि त्यांनी ती लांब धरून वाचली. 'कु. श्रिया लाभ साळसकर.'

"अहो, हे मधलं नाव... वडिलांचं नाव नयन आहे."

"तुम्हीच सांगितलंत. आता शिक्का बसला. दुरुस्तीचा वेगळा फॉर्म असतो."

"मग द्या की."

क्लार्कने खण उघडला, आत हात फिरवला आणि खण बंद केला. "फॉर्म संपलेत."

गंगुबाईंनी साळसकरांना बाजूला सारून खिडकीत तोंड घातलं. "संपले नको बोलूस, पोरा," त्या म्हणाल्या. "शालेत बसलायस. वाढले बोल."